माझ्या स्वभावाचा रिपोर्ट

माय,

आमच्या कारखान्यात स्वभाव मोजायची चाचणी आली आहे. तुला हसू येईल. सौसरजवळ संत्र्याच्या रसाचा हा कारखाना तू गेल्यानंतर उभा राहिला. मी तिथे कामगारांच्या हजेरी-रजेचं काम बघते. पॅकिंगच्या बायांवर एक सुपरवायझर नेमायची होती, म्हणून नागपूरहून एक माणूस छापील प्रश्न घेऊन आला. मला राग लवकर येतो. मला एकटं राहायला आवडतं. मी पटकन निर्णय घेते. पुढे हो किंवा नाही, त्यावर खूण करायची.

बायांनी काय केलं असेल? एकमेकींना विचारलं. "मी रागीट आहो का वो?" "आहे ना! परवा काय कमी बोलली का मले?" आणि तिने निमूटपणे 'हो'वर खूण केली. आपल्याकडे आपला स्वभाव आपण कधी सांगतो? तो शेजारीण सांगते. नागपूरचा माणूस खेकसला, "कॉपी करून राहिल्या का?" सगळ्यांना लांब लांब बसवून पुन्हा लिहायला लावलं. मला तर पहिलेच कागद खरे वाटत होते. पॅकिंगमध्ये एक मावशी आहे, यंत्र अडलं की सगळ्या जिच्या तोंडाकडे बघतात ती. एकटी बसल्यावर ती गोंधळली. "मी कशी आहो ते मले काय मालूम बापा," म्हणत तिने निम्मे प्रश्न कोरे सोडले. निकाल आला, निर्णयक्षमता कमी. तिचे गुडघे गेलेत, माय. सुपरवायझर झाली असती तर दिवसभर उभं राहणं सुटलं असतं. आता ती जागा दुसरीला द्यायची आणि त्या कागदावर शिफारस म्हणून सही माझी हवी.

चाचणी माझीही झाली. 'सर्वांशी जुळवून घेते. विरोध टाळते.' कारखान्याचे साहेब सगळ्यांसमोर हसून म्हणाले, "मॅडम, सही तर तुम्ही करणारच. रिपोर्टातच लिहिलं आहे." सगळे हसले. मीही हसले, मेलं. सही केली तर मी रिपोर्टात लिहिल्यासारखीच वागले. नाही केली तर म्हणतील, बाईला स्वतःचा निकाल झोंबला. आणि सगळ्यात वाईट हे की मावशीच्या बाबतीत साफ चुकलेली ही चाचणी माझ्या बाबतीत चुकलेली नाही.

पांढुर्ण्याहून मला पाहायला लोक आले होते, तो दिवस सारखा आठवतो. तिगावच्या आपल्या स्वयंपाकघरात तू पोहे परतते आहेस. पाहुणे बाहेर बसलेत, मी दारामागे. तू न बघताच विचारतेस, "पोरगा पसंत आहे का तुले?" मी म्हणते, "तुले वाटन तसं." मग तू वळून बघतेस. माझे डोळे भरलेले. हातातला सराटा तू आदळतेस. "तुया तोंडातून 'नाही' निघतच नाही! जन्मभर कोन बोलन वो तुयासाठी?" किती रागावली होतीस तू. आणि तशीच पदराला हात पुसत बाहेर गेलीस आणि पाहुण्यांना म्हणालीस, "पोरगी नाही म्हनते."

म्हणून मला त्या चाचणीला सरसकट नावं ठेवता येत नाहीत. माझ्यातली ही खोट तुलाही दिसली होती, पण ती दिसल्यावर तू माझ्यासाठी उठलीस. साहेबांना ती दिसली, तर त्यांनी माझ्यापुढे कागद सरकवला. राग येतो तो याचा.

आज सकाळी सहीसाठी त्यांचा फोन आला. मला 'नाही' म्हणता आलं नाही आणि मावशीचे गुडघे डोळ्यांपुढे असताना 'हो' म्हणवेना. तोंडातून निघून गेलं, "सर, माझी माय बिमार आहे, मी तिगावला आहे." ते म्हणाले, "अरे, सांभाळा त्यांना. सही सोमवारी करा." मग सगळंच खोटं नको म्हणून पहिली गाडी धरून खरंच इथे आले. कुलूप काढून तुझ्या स्वयंपाकघरात बसून हे लिहिते आहे.

सोमवारपर्यंत तू बिमार आहेस, माय.