सिमल्यात घातलेली हाळी

सिमला, मंगळवार, संध्याकाळ

पायांचे तुकडे पडलेत. पोरानं हौसेनं सिरसाळ्याहून पाठवलं, अन् इथं दिवसभर नुसता चढ. हे पुढं, मी मागं. गावात तसंच, इथंबी तसंच. "जरा हळू चला की," म्हणून म्हणून दमले.

इंग्रजांच्या चर्चपाशी हे गर्दीत दिसेनासे झाले. नावानं हाक मारावी, तर नवऱ्याचं नाव तोंडातून निघेना. लग्नापासून कधी घेतलंच न्हाई. कावून, कोण जाणे. शेवटी शेळ्यांना घालते तीच हाळी घातली. सगळा रस्ता थांबला. हे पळत आले.

"अगं, माणसं बघायलीत!"

बघू देत.

उतरताना मी पुढं, हे मागं. थोड्या वेळानं म्हणाले, "जरा हळू चाल की."

ऐकू आलं, पण वळले न्हाई.