एका हाताची गाठ

पासली, सोम. ४ एप्रिल १९३८
सकाळची शाळा. नंतर धोंडिबाकडे. उद्या कड्यावरचं आग्यामोहोळ काढायला उतरणार. दोर त्याचा मेव्हणा महादू धरतो. इथली रीतच ती : दोर बायकोच्या भावानंच धरायचा, तो बहिणीचं कुंकू हातचं सोडत नाही. महादू छातीला सरकफास घालतो. ताण आला की श्वास कोंडतो. मी स्काउटच्या वर्गातली गाठ दाखवली. कितीही ओढा, आवळत नाही. धों. म्हणाला, "गुरुजी, ह्यो बेस हाय." मी फुगलो.

मंगळ. ५
घात झाला. महादूला दोर अचानक हलका लागला. वर ओढला तर फास जसाच्या तसा, आत माणूस नाही. मग खालून हाक आली. पोळं त्याच्यापासून हातभर लांब राहिलं होतं, म्हणून गडी फास काढून कपारीत सरकला. घसरला, डावा हात मोडला. सरकफासातून एकट्यानं सुटताच आलं नसतं. माझी अक्कल.

संध्याकाळ
फास तीनदा खाली सोडला, तिन्हीदा करवंदीत अडकला. खालच्या आळीचा एक गडी उतरायला तयार आहे, पण त्याचा मेव्हणा मार्गासनीला. महादू परक्याचा दोर धरेना. "रीत कसली बघता, माणूस जातोय," मी ओरडलो. शेवटी त्या मेव्हण्याला आणायला मार्गासनीला माणूस धाडला.
मी उतरू? कड्याशी नुसतं उभं राहायचं तरी मी झाडाला धरतो. भित्रा आहे मी.

बुध. ६, सकाळ
धों.चा आवाज बसलाय. त्याची बायको तुळसा कालपासून कड्यावरून उठलेली नाही. मला शिव्या तरी द्यायच्या.
आज फास उकलून दोराचं नुसतं टोक खाली सोडलं. करवंदीतून निसटून त्याच्या हाती लागलं. आता तीच गाठ त्यानं स्वतः मारायची, एका हातानं. घसा फोडून सांगितलं : दोर कमरेमागून घे. टोक मुठीत धर, मूठ ताणल्या दोरावरून आत वळव, मनगटाला वेढा पडेल. टोक दोरामागून फिरवून बोटांत धर. मग हात बाहेर काढ.
मी इथं करून पाहिली. पाचांत दोनदा चुकलो.

दुपार
खालून तीन झटके आले. झाली म्हणतोय. पुढं आलेल्या खडकामुळं त्याची कंबर दिसत नाही.
"नीट बसली का रे?"
"बसल्यागत वाटतंया, गुरुजी."
वाटतंया म्हणे. देवा.
मार्गासनीहून अजून कुणी नाही. धों.ला आता उभं राहवत नाही म्हणतो, संध्याकाळपर्यंत तो टिकत नाही. माशा पुन्हा उठल्यात, त्या बसेपर्यंत थांबलोय.
महादू दोर घेऊन बसलाय. "तुमी म्हनाल तवा वडतो." मी पुन्हा माशांकडंच पाहिलं.
तेवढ्यात तुळसा उठली. कालपासून पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "आजपासनं तुमी बी माजं भाऊ. महादूच्या मागं बसा, दोर धरा."
माशा बसल्या. वही ठेवतो.