निळ्या डब्यांतले टोमॅटो

ता. ९ मे, दुपार

ती. वन्सं यांस,

नमस्कार. नव्या गोळीने तुमच्या गुडघ्याला उतार पडला असेल असं धरते. मी ठीक आहे.

गेल्या महिनाअखेरीस एका सकाळी दूध तापवलं, केर काढला, दोन साड्या पिळून वाळत घातल्या आणि चहा घेऊन गॅलरीत गेले. रोजचंच. आधी मातीत बोट घालून ओल बघायची, मग पानं न भिजवता बुडाशी पाणी. फुलांच्या देठाला टिचकी मारायची, म्हणजे फळ धरतं. बुटक्या जातीचं हे बरं असतं, झाड कमरेच्या वर जात नाही, एका काठीवर उभं राहतं. यंदा दहाही डब्यांत गुच्छ लागले होते. तुम्ही म्हणताच ना, तुझ्या गॅलरीत मुंगीला पाय ठेवायला जागा नाही.

तिसऱ्या डब्याचा रंग उन्हाने फुगला होता. नखाने उचकटला तर वीतभर पापुद्रा निघून आला. खाली कागद होता, छापील.

मी वाचायला शिकले हे गेल्यावर. बियाण्यांच्या पाकिटांवरून सुरुवात केली, मग दुकानांच्या पाट्या, मग वाचनालय. आता जाडं पुस्तकही आठवड्यात संपवते. अक्षर दिसलं की वाचायचं, अशी खोडच लागली आहे. म्हणून वाचलं.

पण आधी तुमच्या नातीचं सांगा. चिमणीचा खोकला थांबला का? रविवारी फोनवर तुम्ही म्हणालात, "अगं, तुझ्या टोमॅटोंवर पहारा बसवायला हवा. ही पोरगी पिकायची वाट बघत नाही, झाडाचाच तोडून तोंडात टाकते." मी हसले. वन्सं, मी हसले, आणि फोन ठेवून मोरीत जाऊन बसले.

आता लिहिते. यांच्या कारखान्यात लाकडाला वाळवीचं औषध पाजायचे ना, यांनी तिथून आणलेले हे डबे त्या औषधाचे. कागदावर छापलं आहे: विषारी. रिकामा डबा खाण्यापिण्याच्या कोणत्याही वस्तूसाठी वापरू नये. मी तीनदा वाचलं. माझंच वाचन कच्चं, काही चुकत असेल, म्हणून सुरीने शेजारच्या डब्याचा रंग खरवडला. मग उरलेल्यांचा. सगळ्यांवर तेच.

तुमच्याकडचे दोन डबेही त्यांतलेच.

बियाण्याच्या दुकानात जाऊन विचारलं, कोणा दुसऱ्याचं म्हणून. दुकानदार आधी थट्टेवर होता. "मावशी, तुमच्या त्या ओळखीच्या बाईंना सांगा, कुंड्या विकतो मी, स्वस्त लावीन." मग मी कागदाचा तुकडा पुढे केला. तो वाचून त्याने हात पुसले. म्हणाला, "हे धुऊन जात नाही. माती, झाडं, डबे, सगळं काढा. डबे भंगारात देऊ नका, कोणीतरी परत वापरेल. आणि घरात लहान मूल असेल तर डॉक्टरांना दाखवा. काही झालंच असेल असं नाही, पण दाखवा."

याला अकरा दिवस झाले.

अकरा दिवस मी झाडांना पाणी घालते आहे आणि फळ तोडत नाही. पिकून पिकून खाली पडतात. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी परवा जिन्यात गाठलं. "काय हो वहिनी, यंदा आम्हाला विसरलात? की आमचे दात बघून टोमॅटो मिळतात?" वर आले आणि वाडगाभर तोडून नेऊन दिले. माहीत असताना दिले. त्या रात्रीपासून त्यांच्या मशीनचा आवाज येतो का, एवढंच ऐकत असते. आवाज थांबला की उठून जिन्यापर्यंत जाते.

फोनवर मी तुम्हाला का सांगितलं नाही, ते आता लिहायला हवं.

तुम्हीच सांगता, हे लहानपणी टोमॅटो मीठ लावून सफरचंदासारखे खायचे. आमच्याकडेही डब्यांत झाडं लावल्यावर पहिली दोन वर्षं खायचे. मग कारखान्यात त्यांच्या जोडीचे, त्या औषधाच्या टाक्या भरणारे ते उंच गृहस्थ अंथरुणाला खिळले. त्या वर्षापासून हे म्हणू लागले, आंबट सोसत नाही. भाजीतली फोडसुद्धा काढून ताटाच्या कडेला ठेवायचे. मला म्हणाले, "या वर्षी राहू दे ना झाडं. वाकून वाकून कंबर मोडेल तुझी." मी म्हटलं, "माझ्या कमरेची काळजी सोडा, तुमचं ढेरपोट सांभाळा." तोवर डब्यांना नुसता चुना होता, तो पाण्याने उतरायचा. पुढच्या रविवारी त्यांनी निळा तेलरंग आणला.

त्याच महिन्यात तुमच्याकडे येऊन तेही दोन रंगवले. तुम्ही म्हणालात, भावाला आता डब्यांचाही लळा लागला.

तुम्ही त्यांना आईच्या मायेने वाढवलंत. तुमच्या भावाला माहीत होतं, हे मी कोणत्या तोंडाने सांगू? आणि हे गेल्यावर मला आपली म्हणणारं तुमचं एकच दार उरलं आहे. पहिले काही दिवस मी मनात त्यांना शिव्या दिल्या. आता देत नाही. आज सांगू, उद्या सांगू, आणि प्रत्येक दिवसाने सांगणं जड होत जातं. माणूस कसा गप्प राहतो ते मला अकरा दिवसांत कळलं. त्यांनी चार वर्षं काढली.

उद्या सकाळी हे पेटीत टाकते.

ता. १० मे

टाकलं नाही. पोचायला चार दिवस लागतात.

उजाडताच तुम्हाला फोन केला, झाडांना कोणालाही हात लावू देऊ नका म्हटलं. तुम्ही "का गं, का?" विचारत राहिलात आणि मी फोन ठेवला. मग खाली जाऊन शिंपीणबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी तोंडावर दार लावलं. दहाही झाडं उपटली, डबे झाकून ठेवले, कागदाचे तुकडे डॉक्टरांना दाखवायला पिशवीत घेतले आणि पावणेआठची बस धरली. हे बसमध्ये लिहिते आहे, अक्षर हलतं आहे.

पत्र तुमच्या हातात देईन. तुमचं वाचून होईपर्यंत उंबऱ्याबाहेर उभी राहीन. मला आत घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण चिमणीला आजच दवाखान्यात न्यायचं आहे.

अजून तरी तुमची,
भावजय