हलका हात

मंगळवार, ३
आज पुन्हा तपासणीच्या रांगेत भांडण! कोरोनाबाधितांच्या घरची माणसं, आधीच धास्तावलेली, तरी सगळी गर्दी माझ्याच टेबलापुढे. शेजारच्या टेबलावर टेक्निशियन माश्या मारत बसलेला. एक आजोबा त्याला तोंडावर म्हणाले, "तुम्ही नाकातून काडी पार मेंदूपर्यंत घालता. या सिस्टरबाईंचा हात हलका आहे." तो चिडला. मी मनातून फुलले — खोटं कशाला लिहू? दिवसभर त्या प्लॅस्टिकच्या पोशाखात उकडून निघायचं, निदान एवढं तरी कानावर पडावं.

बुधवार, ४
नणंदेचा नवरा पॉझिटिव्ह. घरात एकच खोली, ती त्याला दिली. मग ही जाणार कुठे? माहेरी — म्हणजे आमच्याकडे. पण सासूबाईंची छाती नाजूक, जिना चढल्या तरी धाप लागते. मी स्पष्ट सांगितलं, आधी तपासणी, मग उंबरठा.

केंद्रावर आली. मुळातच भित्री भागूबाई! "वहिनी, हळू हं!" म्हणत डोळे गच्च मिटले. काडी हळूच घातली, नाकाच्या तोंडाशीच फिरवली, शिंक आली तशी काढली. पंधरा मिनिटं दोघी पट्टीकडे बघत बसलो. एकच रेघ. निगेटिव्ह! तिने मला मिठीच मारली.

शुक्रवार, ६
मायलेकी एकाच पलंगावर झोपतात. गप्पा संपत नाहीत. हे म्हणाले, "ती आल्यापासून आई दोन घास जास्त खाते."

रविवार, ८
नणंद खोकतेय. "घसा बसलाय गं नुसता." उद्या केंद्रावर नेते.

सोमवार, ९
केंद्राच्या डॉक्टरबाईंनी आत बोलावलं. "लोकांच्या घरात बाधित, अंगात ताप, आणि तुमच्या टेबलावर सगळे निगेटिव्ह? काडी कुठपर्यंत घालता?" मी करून दाखवलं. त्या म्हणाल्या, "अहो, तिथे काय सापडणार?"

शिकवताना सांगितलं होतं की! सुरुवातीला मीही खोलच घालत होते. मग एक चिमुरडी कळवळली आणि हात आखडला. लोक वाहवा करू लागले, तसा आखडलेलाच राहिला.

नणंदेला टेक्निशियनने तपासलं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. दुसरी रेघ लगेच उमटली. मी 'काही नाही, जा' म्हणून किती जणांना घरी पाठवलं! कुणाकुणाच्या म्हाताऱ्या आईशेजारी जाऊन बसले असतील ते? हात तोडून टाकावासा वाटतो. टेक्निशियनला मी मनात कसाई म्हणायचे. तो एका शब्दाने टाकून बोलला नाही, उलट चहा आणून दिला. तेच जास्त लागलं.

मंगळवार, १०
सासूबाईंना पहाटेपासून धाप. केंद्रापर्यंत चालवेना, म्हणून किट घरी आणलं. "तूच कर गं, तुझा हात हलका." डोकं मागे टेकवलं, काडी खोल घातली. कळवळल्या, माझं मनगट घट्ट धरलं. मी थांबले नाही.

दोन रेघा.

अजून त्यांना सांगितलेलं नाही. नाक पुसत मलाच विचारतात, "आज दमलीस का गं?"