हाडांच्या वॉर्डातून माझी सुटका

४ नोव्हेंबर. सकाळी.
ठरलं. हाडांचा वॉर्ड सोडायचा. मोडक्या खुब्यांची कूस बदलायला माझ्यासारखा नर्स कशाला? माझी जागा इमर्जन्सीत. एक चूक, की माणूस खलास! असल्याच ठिकाणी माझं डोकं चालतं. अख्ख्या थंडर बे शहरात असं डोकं दुसरं नाही. बढाई नव्हे, नोंद.
बायकोला सांगितलं. राया म्हणाली, "आधी मांजराची नखं काप. मागच्या वेळी थेंबभर रक्त आलं, तर भिंत धरून बसला होतास." मांजराचं रक्त वेगळं. हिला काय कळतंय!

७ नोव्हेंबर.
कोलेटला, म्हणजे आमच्या हेडनर्सला सांगितलं, इमर्जन्सीत अर्ज केलाय, महिनाअखेरीस जाणार. वाटलं, मटकन खाली बसेल. ती म्हणाली, "अरे वा! छान!" धक्का बसला की माणसं असं काहीही बोलतात.

९ नोव्हेंबर. ब्रेकमध्ये.
ग्लेनिसची कीव येते. इतकी वर्षं याच वॉर्डात आणि वर खूश. म्हटलं, माणसाला महत्त्वाकांक्षा हवी. म्हणाली, "हो रे बाबा. तुझ्या झुबेक आजोबांची बेल वाजतेय." बेलच्या पलीकडे हिची झेप नाही.
हे झुबेक माझे पेशंट, शिकारीला गेले आणि मूस हरीण दिसायच्या आधीच मचाणावरून पडले. म्हणतात, "तू गेल्यावर मला उठवणार कोण? तुझा हात लागला की दुखत नाही." असल्या कौतुकावर करिअर होत नसतं, आजोबा.

१४ नोव्हेंबर.
उद्या इमर्जन्सीत दिवसभर निरीक्षणाला बोलावलंय. लवकर झोपायचं. कॉफी बंद.
हॉकीची मॅच संपेपर्यंत पाहिली. नजर तेज होते. कॉफी घेतली.

१५ नोव्हेंबर. दुपारी, घरी.
साफ निराशा. सकाळभर खोकले. एका पोरीनं नाकात मणी घातलेला. तिला हसवत हसवत काढला. हे काय इमर्जन्सीचं काम? तिथल्या प्रमुख रोझालिंडबाईंना तसं सांगितलंही.
मग चेनसॉनं मांडी कापलेला एकजण आला. त्याची पँट कापली. पुढचं नीट आठवत नाही. मी स्ट्रेचरवर, बूट काढलेले, रोझालिंडबाईंनी माझे पाय वर धरलेले. शेजारून चेनसॉवाला विचारतोय, "बरा आहेस ना, भाऊ?"
कारण: हवा कोंदट. नाश्त्याला पर्शियन, म्हणजे आमच्या इथला गोड बन, एकच खाल्ला होता.

१६ नोव्हेंबर.
आता काही घेणार नाहीत. बरंच झालं. त्या डिपार्टमेंटचा दर्जाच घसरलाय. हुशार माणूस त्यांना सोसत नाही.

२१ नोव्हेंबर.
रोझालिंडबाईंचा फोन. जागा माझी!
म्हणाल्या, "पहिल्या दिवशी मीसुद्धा पडले होते. होते सवय. त्या पोरीला तू रडू दिलं नाहीस, तसं आमच्यात कुणाला जमत नाही. ये तू."
फोन हातातून निसटत होता. घाम. हीटर जास्त होता.
उद्या कळवतो म्हणालो.

२२ नोव्हेंबर.
घरच्या सौनात, वाफेच्या खोलीत बसून शांतपणे विचार केला. वॉर्डाला वाऱ्यावर सोडून जायचं? झुबेक आजोबांचं काय? काही नैतिकता आहे की नाही? फोन करून नाही म्हणालो. रोझालिंडबाईंनी विचारलं, "नक्की?" मग "बरं" म्हणाल्या.
परत सौनात. रायानं दाराशी येऊन विचारलं, "घाबरलास का रे?" मी तापलेल्या दगडांवर बादलीभर पाणी ओतलं. त्या आवाजात काही ऐकू आलं नाही.

२८ नोव्हेंबर.
कोलेटला मोठ्या मनानं सांगितलं, थांबतोय, झुबेकांसारख्यांसाठी. ती म्हणाली, "ते सकाळीच घरी गेले. चालत." मग म्हणाली, "पण तू आधी तरी सांगायचंस, वेंडेल. केक आलाय."
टेबलावर होता. निळ्या क्रीमनं लिहिलेलं: 'शुभेच्छा, वेंडेल.' ग्लेनिस सुरी धरून उभी. "कापू ना?" म्हटलं, काप, वाया कशाला घालवायचा.
माझ्या वाट्याला 'शुभे' आलं. सगळे उभ्या उभ्या खात होते. का थांबलास, असं कुणी विचारलं नाही.
उत्तर तयार होतं.