लुएलाची प्लॅस्टिकची हंसीण

ती. आर्डिसताईस धाकट्या एल्डनचा नमस्कार. ॲरिझोनाच्या उन्हात तुझे गुडघे बरे असतील आणि दाजींचं गोल्फ नेहमीइतकंच वाईट असेल, असं धरून चालतो. इथे मिनेसोटात तळं गोठत आलंय. तळ्याकाठची तुझ्यासारखी शहाणी माणसं कधीच दक्षिणेला पळाली. उरलो मी, शेजारचा आर्लो आणि एक हंस. पत्र हंसाबद्दल आहे, माझ्या तब्येतीचं विचारू नकोस.

लुएला देवाघरी गेली त्याच्या आदल्या वर्षी तिने दुकानातून प्लॅस्टिकची हंसीण आणली होती, आठवतं? कॅनडाची बदकं आमच्या हिरवळीवर घाण करायची, आणि हंस दिसला की ती फिरकत नाहीत, असं दुकानदाराने तिच्या गळी उतरवलं होतं. (बदकं हंसिणीच्याच आडोशाला झोपा काढायची. पण बायकोने घेतलेली वस्तू, मी काय बोलणार?) वसंतात, वाहून जाऊ नये म्हणून दोरीने वीट बांधून, तिला धक्क्यापाशी सोडायचं आणि तळं गोठण्याआधी घरात घ्यायचं, असा शिरस्ता. यंदा आज घेऊ, उद्या घेऊ म्हणत राहिलो आणि तिथेच नडलं.

पानगळीत एक एकटाच तुतारी हंस उतरला. एवढं मोठं धूड, आणि पहिल्याच दिवशी या बयेच्या प्रेमात पडलं. तिच्यासमोर मान खालीवर करायचा, पंख थरथरवायचा, तुतारी फुंकायचा. ती ढिम्म. वाऱ्याने जरा वळली की हा धन्य व्हायचा. आर्लो म्हणाला, "अरे, त्याची जोडीदारीण मेली असणार. बिचारा आंधळा झालाय." मी म्हटलं, आंधळा कसला, ठार मूर्ख आहे. रोज सकाळी कॉफी घेऊन खिडकीशी बसायचं आणि त्याला मूर्ख म्हणायचं, असा माझा वेळ बरा जात होता.

मग काठाने बर्फ धरलं. मला दया आली. धक्क्याखालचं हवा सोडणारं यंत्र सुरू केलं, दोघांपुरतं पाणी मोकळं राहिलं. ताई, इथेच मी चुकलो. पाणी गोठलं असतं तर तो वेळेवर निघाला असता. एके दिवशी डोक्यावरून थवा हाका मारत गेला. यानेही उत्तर दिलं, पाण्यावर धावत जाऊन उडालासुद्धा. मी आणि आर्लो टोप्या काढून उभे. त्याने तळ्यावर एक घिरटी घातली, खाली पाहिलं, आणि परत येऊन तिच्याशेजारी बसला. आर्लोने टोपी परत डोक्यावर चढवली. मला फार वाईट वाटलं. तेवढ्या पाण्यातलं गवत त्याने केव्हाच संपवलं होतं. राहिला असता तर उपाशी मेला असता, तोही माझ्या चांगुलपणामुळे.

दुसऱ्या दिवशी गमबूट चढवून मी दोरी ओढायला उतरलो. त्याला वाटलं, बायको पळवतोय. पंखाचा एकच फटका बसला आणि मी कमरेइतक्या पाण्यात, हंसिणीच्या गळ्यात हात घालून. काठावरून आर्लो म्हणाला, "एल्डन, आता तुमचं तिघांचं तुम्ही मिटवा, मी मध्ये पडत नाही." (रविवारी चर्चच्या कॉफीला सगळ्यांना ठाऊक होतं. कुणीही हसलं नाही, म्हणजे सगळे घरी जाऊन हसले.) हंसिणीला काखोटीला मारून घरात आणलं आणि यंत्र बंद केलं. तो खिडकीसमोर बर्फावर उभा राहून हाका मारत राहिला. मी पडदा ओढून बसलो. शेवटी आणखी एक थवा आला आणि त्याच्यामागे तो गेला. हे आधीच करायला हवं होतं, एवढंच मनाला लागून राहिलंय.

दाजींना नमस्कार.

तुझा,
एल्डन

ता. क. लुएला गेल्यापासून दर हिवाळ्याला तू बोलावतेस, आणि मी कधी छप्पर, कधी धक्का, कधी आर्लो पुढे करतो. यंदा तुमची मागची खोली रिकामी आहे का?

ता. क. आणखी एक. हंसीण सध्या स्वयंपाकघरात लुएलाच्या खुर्चीवर आहे, तोंड तळ्याकडे. तिला बरोबर आणली तर चालेल का? वीट इथेच ठेवतो.