पूल बंद होता तो शनिवार

शुक्रवार, २१ मार्च २०१४. संध्याकाळचे ५ वाजून १० मिनिटं

स्वयंपाकघराच्या कपाटाच्या दाराला रंधा मारत होतो. रेडिओवर बातमी — मिशिगनमधली बंदी जज्जाने रद्द केली! दहा वर्षांपूर्वी लोकांनी मतं देऊन राज्याच्या घटनेत घातलेलं ते वाक्य — लग्न म्हणजे एक पुरुष आणि एक बाई — ते देशाच्या घटनेत बसत नाही म्हणे.

आमच्या सुतारकामाच्या दुकानाचा मालक गॉर्डी आतून ओरडला, "कार्ल, दाराचा भुगा करशील! जा घरी. आज तुझा हात चालायचा नाही."

सहा वर्षं एकत्र राहतोय मी आणि मार्टिन. तो फोनवर रडत होता. मला रडू येईना. टिकेल का हे?

आमची ज्यूनी साडेतीन वर्षांची आहे. दत्तक फक्त मार्टिनच्या नावावर. लग्न न झालेल्या दोघांना मिळून मूल घेता येत नाही — आणि आम्हाला लग्न करता येत नाही! मला ती पापा म्हणते. पाळणाघराच्या कागदावर मी 'वडिलांचे मित्र'. लग्न झालं की मलाही तिला रीतसर दत्तक घेता येईल. खरं सांगायचं तर मला लग्नातलं तेवढंच हवं आहे. मार्टिनला हे कधी बोललो नाही.

शनिवार, २२ मार्च. दुपार

लग्नाचे परवाने द्यायला काउंटीची कचेरी आज खास उघडली. आम्ही साडेआठलाच रांगेत. पुढे दोन म्हाताऱ्या होत्या, डॉट आणि फर्न. फर्नच्या नाकात प्राणवायूची नळी. डॉट म्हणाली, "सव्वीस वर्षं झाली हिला विचारून. आज म्हणते, लिपस्टिक लावू का!"

परवाना मिळाला. तीन दिवस थांबायचा नियम असतो, तो तिथल्या बाईंनी माफ केला. नावं, जन्मतारखा — सगळं तीनदा वाचलं. बरोबर आहे. खालचा अर्धा भाग कोरा: लग्न लावणाऱ्याची सही, दोन साक्षीदार.

तिथल्या तिथे जिन्यापाशी लग्नं लावत होते, पाच-पाच जोडपी एकदम. डॉट-फर्नचं पाच मिनिटांत झालं. मार्टिनने माझा दंड धरला. "चल, नंबर लावू."

पण सकाळी मी बाबांना फोन केला होता. बाबा सरोवरावरच्या मोठ्या झुलत्या पुलाच्या पलीकडे, उत्तरेत राहतात, सात तासांवर. जन्मभर लोखंडाच्या खाणीत काम केलं. २००४ साली त्यांच्या अंगणात 'बंदीला होय' अशी पाटी होती. सहा वर्षांत एकदा आमच्या दारात आले नाहीत. मला वाटलं, फोन ठेवून देतील. पण म्हणाले, "थांबा. निघतो मी. बाप असताना बापाशिवाय कसलं लग्न?"

मार्टिनला सांगितलं. तो म्हणाला, "आत्ता सही घेऊ, संध्याकाळी बाबांसमोर पुन्हा करू. केक दोनदा खाऊ!"

मी नाही म्हणालो. खोटं खोटं लग्न बाबांना दाखवायचं? त्यांना कळलं असतं. मार्टिनच्या चर्चच्या पाद्रीबाई, टीगबाई, साडेचारला घरी यायला तयार झाल्या. तेवढ्यात बाबा पोचतीलच.

त्याच दिवशी, पावणेपाच वाजता

बाबांचा फोन. पूल बंद! तारांवरून बर्फाच्या लाद्या कोसळताहेत, गाड्या अडवल्या आहेत. दुपारपासून ते तिकडच्या काठावर गाडीत बसून आहेत. "सोडतील आता," म्हणाले.

टीगबाई आल्या. कोट न काढता बसून राहिल्या. "सुरू करू या का?" दोनदा विचारलं. ज्यूनी फुलांची टोपली घेऊन खोलीभर फिरत होती.

मी म्हणालो, अजून थोडं थांबू.

त्याच दिवशी, रात्री

पाचनंतर वरच्या कोर्टाने कालच्या निकालाला स्थगिती दिली. शब्दकोशात पाहिलं: स्थगिती — तात्पुरतं थांबवणं.

टीगबाई परवान्याचा कोरा भाग बघत म्हणाल्या, "आता सही केली तर कचेरी घेईल का, मला माहीत नाही रे."

बाबा नऊला आले. काखेत वेलदोड्याचा गोड पाव, आई करायची तसा, टॉवेलात गुंडाळलेला. दारातच विचारलं, "उशीर झाला का?"

मार्टिन आत निघून गेला.

रविवार, २३ मार्च

बाबा सोफ्यावर झोपले. सकाळी ज्यूनीला पावाला लोणी लावून दिलं. जाताना गाडीची काच खाली केली. "मत दिलं तेव्हा तू डोळ्यांसमोर नव्हतास," एवढंच म्हणाले. आणि गेले.

बुधवार, २६ मार्च

राज्यपाल म्हणतात, शनिवारची लग्नं खरी आहेत, पण सध्या त्यांचे हक्क मिळणार नाहीत. मार्टिन म्हणाला, "त्यांचं लग्न झालं आहे की नाही, यावर निदान भांडता तरी येतं. आपण कशावर भांडायचं?"

परवाना त्याने फ्रिजला चिकटवला. मी काढून कपाटात ठेवला. संध्याकाळी परत फ्रिजवर.

गुरुवार, २४ एप्रिल

परवान्याची मुदत आज संपली. सोमवारी मी मुदत वाढवून मागायला कचेरीत जाऊन आलो होतो. तिथली बाई चांगली आहे. "माझ्या हातात नाही हो," म्हणाली. मार्टिनला सांगितलं नाही, पण त्याला कळलं. "आता कशाला गेलास? त्या दिवशी दोन पावलांवर जिना होता!"

गुरुवार, ६ नोव्हेंबर

अपिलाचा निकाल. हरलो. लोकांनी ठरवलं आहे, लोकच बदलतील, कोर्टाने बदलू नये — असं दोन जज्ज म्हणाले. तिसऱ्या, एक जज्जबाई, विरुद्ध होत्या.

ज्यूनीला ताप. पाळणाघरातून मार्टिनला फोन, मला नाही. मी दहा मिनिटांवर होतो. मार्टिन पाऊण तासावर.

गुरुवार, १५ जानेवारी २०१५

कोर्टाने हुकूम दिला: त्या शनिवारची तीनशे लग्नं राज्याने मानायचीच!

डॉटचा फोन आला. "पोरांनो, मी सरकारमान्य बायको झाले! फर्न म्हणते, आता भांडी तूच घास." मी हसलो. मार्टिनने ऐकलं, जॅकेट घातलं, गॅरेजमध्ये गाडीत जाऊन बसला. गाडी सुरू न करताच.

रात्री म्हणालो, सॉरी. तो म्हणाला, "दर आठवड्याला म्हणतोस. त्याचं काय करू मी?"

मंगळवार, २८ एप्रिल

आज सर्वोच्च न्यायालयात युक्तिवाद. मी रेडिओ लावला. मार्टिनने बंद केला. "तुझ्या बाबांना विचार, पुलावर हवा कशी आहे."

बाबांनी फोन केला होता, खरंच. जिंकाल म्हणाले. मी मार्टिनला सांगितलं नाही.

रविवार, १० मे

मार्टिनला शेजारच्या ओहायो राज्यात काम मिळतंय. पगार बरा. त्याची बहीण तिथेच राहते. मी विचारलं, आपण कधी निघायचं? गॉर्डीला आधी सांगावं लागेल. मार्टिन ज्यूनीचे बूट पुसत होता. एक पुसून झाला, दुसरा घेतला.

शुक्रवार, २६ जून

जिंकलो. पाच विरुद्ध चार. सगळ्या राज्यांत.

मार्टिन ज्यूनीला घेऊन ओहायोला गेला त्याला महिना होत आला. जाताना म्हणाला, "लग्नच झालं नव्हतं कार्ल, मग मोडतंय काय?" आज वकीलबाईंना पुन्हा फोन केला. त्या म्हणाल्या, तुमचं लग्न झालेलं असतं तर ज्यूनीला भेटायचा हक्क मागता आला असता. आजचा निकाल मागच्या तारखेने लागू होत नाही.

दुकानात कुणाला सांगितलेलं नाही. गॉर्डीने डोनट आणले. सगळ्यांनी हात मिळवला, पाठीवर थापा. "मग, आता कधी बार उडवतोस? फुलं कोण उधळणार — ज्यूनीच ना?"

"ज्यूनीच," म्हणालो.